पायरीमास्तरांचं संध्याकाळचं गणित

माझ्या सासऱ्यांना अख्खी शाळा पायरीमास्तर म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. चौथीला गणित शिकवायचे. त्यातही शाब्दिक उदाहरणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नुसती बेरीज-वजाबाकी कुणीही शिकवेल, म्हणायचे, पण टाकीत पाणी किती उरलं असं विचारलंय की टाकीतून किती गेलं असं विचारलंय, हे वाचून कळायला माणूस जागा असावा लागतो. एखादं पोर नुसतं उत्तर घेऊन टेबलापाशी आलं की ते उत्तराकडे बघायचेसुद्धा नाहीत. "पायरी कुठाय?" एवढंच विचारायचे. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर हातावर भोपळा.

मी स्वतः या उदाहरणांत कायम आपटलेली. त्यात जेवढे आकडे दिसतील तेवढे गोळा करायचे आणि सगळ्यांची बेरीज करून मोकळं व्हायचं, ही माझी रीत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. म्हटलं, नंतर कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. ते हसले नाहीत. "बेरीजच का करायचीस?" त्यांनी विचारलं.

"सोपी म्हणून."

"मग तुझी उत्तरं खरीच होती. प्रश्न तेवढे दुसरे होते," ते म्हणाले आणि पेपरात डोकं खुपसून बसले. तेव्हापासून हा माणूस मला आवडला. डोकं खायचे, दूधवाल्यालाही हिशेब पायरीपायरीनं सांगायला लावायचे, तरीही आवडला.

घरात आम्ही तिघंच. माझा नवरा जहाजावर, वर्षातून दोन-तीन महिने घरी. मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते. सासूबाईंना मधुमेह फार वर्षांचा. त्यात त्यांचे डोळे गेले, म्हणजे उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. पण कान असे तिखट, की मी स्वयंपाकघरात डबा उघडला तर कुठला डबा ते पलंगावरून सांगतील. डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, आणि सुई मास्तरांनी आपल्या हातात घेतली. नर्स नको, मी नको, कुणीच नको.

याचं कारण उघड होतं. डॉक्टरांनी डोस सांगितला तोच मुळी शाब्दिक उदाहरणासारखा. नेहमीचे दहा युनिट. साखर दीडशेच्या वर गेली तर वरच्या दर पूर्ण पन्नासाला आणखी दोन. शंभरच्या खाली असेल तर द्यायचंच नाही, फोन करायचा. मास्तरांचा चेहरा असा खुलला, जणू निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना परत वर्गावर बोलावलं. शाळेनं नवे फळे घेतले तेव्हा त्यांनी एक जुना मागून आणला होता. तो पलंगासमोरच्या भिंतीवर ठोकला.

मग रोजचा तास सुरू झाला. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीला लावायचा, मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, आणि खडू हातात घ्यायचा. डाव्या बाजूला 'दिलेले': साखर इतकी. त्याखाली 'विचारलेले': किती युनिट? मग पायऱ्या. साखर दोनशे अडुसष्ट असेल तर दोनशे अडुसष्टातून दीडशे गेले, उरले एकशे अठरा. एकशे अठरात पूर्ण पन्नास किती? दोन. वरचे अठरा सोडून द्यायचे. दोन दुणे चार. दहा आणि चार, चौदा. मग उलट दिशेनं ताळा. मग कुठे सिरिंज उचलायची.

"पुढची पायरी?" ते मधेच पलंगाकडे वळून विचारायचे.

"मला काय विचारता, मी ढ," सासूबाई म्हणायच्या. कधी मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायच्या, म्हणजे ते पुन्हा समजावून सांगतील. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांना बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं असं नाही, पण हे बोलणं दोघांनाही गोड लागायचं. सकाळी कामावर जायच्या आधी मी आतून ऐकायची आणि मला हेवा वाटायचा. माझा नवरा फोनवर हवामान सांगतो.

गेल्या वर्षभरात मास्तरांचं थोडं इकडचं तिकडं व्हायला लागलं होतं. कधी फाटक उघडंच राहायचं. एकच गोष्ट सकाळी सांगून दुपारी परत सांगायचे. वय झालं, म्हणून मी कानाआड करायची. फळ्यावर मात्र एक आकडा वाकडा नव्हता. रोज कारखान्यातून आल्यावर मी नजर टाकायची: तीच ठसठशीत अक्षरं, तेच ठळक बरोबरचं चिन्ह. ज्याला चौदाचा ताळा इतका चोख घेता येतो त्याला काय धाड भरलीय, असं मला वाटायचं.

मग पलंगाखाली मुंग्या लागल्या.

साखर एकदम उतरली तर चटकन तोंडात टाकायला म्हणून डॉक्टरांच्याच सांगण्यावरून उशाशी साखरेची वाटी ठेवलेली असायची. ती मी महिनोन्‌महिने भरत नसे. आता मला आठवड्याला भरावी लागत होती, आणि माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. झाडू मारताना मुंग्यांची रांग दिसली, तिच्या मागं गेले तर गादीच्या कडेला साखर सांडलेली. मी काही मनात न ठेवता मास्तरांना म्हटलं, "बाबा, आईंची वाटी सांडतेय वाटतं."

मास्तर वाटीकडे बघत राहिले. मग त्यांचा पारा असा चढला की माझंच चुकलं असं मला वाटलं.

"तू साखर खातेस?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी पदरानं बोटं पुसली.

"मी इथं एकेका युनिटसाठी जीव काढतो, आणि तू मागून साखरेचे बकाणे भरतेस? लहान पोर आहेस का?"

"जीभ आवरत नाही हो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

मी त्यांना कधी गोडावर हात मारताना बघितलं नव्हतं. चहासुद्धा बिनसाखरेचा, कुरकुर न करता घ्यायच्या. पण त्याच म्हणाल्या म्हटल्यावर मी काय बोलणार? मास्तरांनी वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवली. आंधळ्या बाईचा हात पोचणार नाही अशा जागी.

त्याच संध्याकाळी जेवणं आटोपून मी भांडी घासत होते, आणि बाहेरच्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर सासूबाई घामानं निथळताहेत. साडी अंगाला चिकटलेली, ओठ थरथरताहेत, हाक मारली तर भलतंच काहीतरी पुटपुटल्या. मास्तर शेजारी उभे, हातात पंखा, आणि तोंडानं एकच चाललेलं, "दहा आणि चार चौदा, दहा आणि चार चौदा." मी खुर्चीवर चढून वाटी काढली, पाण्यात साखर कालवली आणि चमच्याचमच्यानं त्यांच्या तोंडात घातली. हळूहळू डोळे स्थिर झाले. त्यांनी माझा हात चाचपला आणि विचारलं, "ते घाबरले का गं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, औषध जास्त गेलंय. डोस कोण मोजतं? मास्तरांनी ताठ मानेनं सगळ्या पायऱ्या म्हणून दाखवल्या. डॉक्टरांनी मान डोलवली, पण म्हणाले, "इथून पुढं सूनबाईंना मोजू द्या. आणखी एकदा असं झालं तर त्या उठायच्या नाहीत."

"चूक दाखवा," मास्तर म्हणाले. "कुठली पायरी चुकली ते दाखवा, मी सुई खाली ठेवतो."

डॉक्टरांना पुढचे पेशंट होते. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, लक्ष ठेवा, आणि वाटी उशाशी परत ठेवा. घरी येताना फाटकाशी थांबून मास्तर म्हणाले, "खाण्यातच तिनं काहीतरी गडबड केली असणार." त्यांचंही खोटं वाटेना, डॉक्टरांचंही खोटं वाटेना, आणि मधे त्या बाईचा जीव टांगणीला.

त्या दिवशी मी कामावरून लवकर निघून आले आणि दाराशी कपड्यांच्या घड्या घालत बसले. मास्तरांनी सगळं नेहमीप्रमाणं केलं. बोटाला टोचलं. थेंब घेतला. मशीन डोळ्यांजवळ नेऊन स्पष्ट वाचलं, "एकशे एकसष्ट." मशीन खाली ठेवलं. डस्टर घेऊन फळ्याकडे गेले आणि सकाळच्या पायऱ्या पुसल्या. पायऱ्या तेवढ्याच. डावीकडचं 'दिलेले' तसंच राहिलं. सकाळची साखर, दोनशे अडुसष्ट.

"दिलेले," मास्तरांनी खडूनं त्यावर टकटक केलं. "दोनशे अडुसष्ट. दोनशे अडुसष्टातून दीडशे गेले?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "एकशे अठरा!" आणि माझ्या दिशेनं हात हलवला. थांब, असा. मास्तर खूश होऊन म्हणाले, "शाब्बास, आज जागी आहेस." मी बघत राहिले, आणि चौदा युनिट गेले. दहा जायला हवे होते.

मास्तर हात धुवायला वळले तशी सासूबाईंची बोटं उशाशी गेली. त्यांनी वाटीतली साखर मुठीत घेतली, अंदाज घेतला, थोडी परत टाकली आणि उरलेली तोंडात घातली. पाणी नाही, काही नाही. चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

नंतर मी त्यांना हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. "आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल."

"हळू काय बोलू? ते सकाळचा आकडा धरताहेत!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला दोन्ही ऐकू येतात की. मशीनवरचा एक, फळ्यावरचा एक." मग भिंतीला टेकून त्या सावकाश सांगायला लागल्या. शाळेत चौथीच्या दोन तुकड्या होत्या. दोन्ही तुकड्यांना मास्तर तेच उदाहरण द्यायचे. पहिली तुकडी उठली की पायऱ्या पुसायच्या, 'दिलेले' तसंच ठेवायचं, दुसरी तुकडी आत. जन्मभर हेच केलं. आता संध्याकाळ झाली, खडू हातात आला की त्यांना दुसरी तुकडी आल्यासारखं वाटतं. फळ्यावर दिलंय ते दिलेलं. "रोज होत नाही गं," त्या म्हणाल्या. "कधी कधी नीट लिहितात. मग मी खात नाही."

"आणि अंदाज चुकला तर?"

"बरेच दिवस नाही चुकला."

"मेला असतात काल!"

"तोंड तरी गोड होतं म्हणाले असते लोक," त्या हसायला गेल्या, पण त्यांना हसू आलं नाही. "त्यांना सांगू नकोस. त्यांच्याजवळ एवढंच राहिलंय. सुई काढून घेतलीस तर हा माणूस सकाळी उठेल कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर ते कळेना. या बाईनं नवऱ्याचं उत्तर बरोबर यावं म्हणून स्वतःची साखर वाढवून ठेवायची, आणि वर जिभेला हावरी म्हणवून घ्यायचं? मी शिवणकाम करते. माप चुकलं तर उसवते आणि परत शिवते. हे कसं उसवायचं? त्यांना मी वचन दिलं नाही. रडू आलं तेवढं रडले आणि ताटं वाढली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. मास्तर फळ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते, रुसलेलेच. सरळ सांगायचं म्हणून मी तीनदा त्यांच्यापाशी गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा तोंडातून वेगळंच निघालं.

"बाबा, एक उदाहरण अडलंय."

त्यांनी वर बघितलं. आज पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. "वाच."

"वाचायचं नाही, तोंडी आहे. एक बाई आहे. तिला जेवणाआधी साखर तपासून औषध देतात, आपल्या आईंसारखंच. एका संध्याकाळी तिची साखर होती एकशे एकसष्ट. देणाऱ्यानं धरली दोनशे अडुसष्ट. तर बाईला किती युनिट जास्त गेले?"

"बेरीज करू नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले आणि उठले. फळ्याच्या उजव्या बाजूला त्यांनी दोन रकाने केले. "आधी किती द्यायला हवं होतं ते काढू. एकशे एकसष्टातून दीडशे गेले, अकरा. अकरात पूर्ण पन्नास? एकही नाही. म्हणून दहाच. आता किती दिलं? चौदा. चौदातून दहा गेले, चार." त्यांनी ताळा घेतला. मग भुवया आखडल्या. "चार युनिट जास्त. पण उदाहरण कच्चं आहे गं. बाईचं पुढं काय झालं?"

"काही नाही. तिनं साखर खाल्ली."

"तिला कसं कळलं जास्त गेलंय ते?"

"ऐकून. देणारा मशीनवरचा आकडा मोठ्यानं वाचतो."

"बरोबर वाचतो?"

"अगदी बरोबर."

"मग दोनशे अडुसष्ट त्यानं आणले कुठून?" मास्तर वैतागले. चुकीचं मांडलेलं उदाहरण त्यांना सहन व्हायचं नाही.

मला वाटलं, आता गप्प बसावं. झालं तेवढं पुरे. पण मग त्या घामानं निथळलेल्या तोंडात मी घातलेला चमचा आठवला.

"फळ्यावर होते, बाबा," मी म्हटलं. "सकाळपासून."

त्यांनी लगेच फळ्याकडे बघितलं नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग उशाशी असलेल्या वाटीकडे, मग झोपलेल्या बायकोकडे. सगळ्यात शेवटी डावीकडे, जिथं त्यांच्याच अक्षरात आज सकाळचा आकडा होता. खडू हातात तसाच. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी त्यांना कधीच पायरी गाळताना बघितलं नव्हतं. त्या माणसानं स्वतःलाही एक सोडली नाही. जास्त औषध, म्हणून साखर, म्हणून मुंग्या, म्हणून आपण तिला बोललो, म्हणून वाटी वरच्या फळीवर. एकेक पायरी चढताना त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मला ते बघवेना.

"मी वाटी काढून घेतली," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"किती वेळा झालं असं?"

"आई सांगत नाहीत."

ते खुर्चीत बसले. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ते म्हणाले, "आज संध्याकाळपासून तू."

"मला जमणार नाही बाबा. मी आकडे बघितले की बेरीज करते."

"उदाहरण मांडलंस की एवढं," ते म्हणाले. आवाजात कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. मला वाटतं, त्यापेक्षा त्यांनी ओरडायला हवं होतं.

संध्याकाळी मी मशीन घेतलं तेव्हा सासूबाईंना पावलांवरूनच कळलं. "ते कुठायत?" त्यांनी विचारलं. दारात आहेत, मी सांगितलं. त्यांना सगळं कळल्याचंही सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. मी आकडा वाचला, एकशे चौऱ्याहत्तर. फळ्याकडे न जाता कागदावर मांडलं, दोनदा केलं, दहाच आले. दहा भरले. सवय नव्हती, सुई थोडी तिरकी गेली, थेंबभर रक्तही आलं. सासूबाई शांत पडून होत्या. दुसरा हात चादरीवर पसरलेला, तळवा वर.

"दांडा धरला नाहीस आज," दारातून मास्तर म्हणाले.

"कुठला दांडा?" सासूबाईंनी विचारलं.

"पलंगाचा. मी सुई द्यायचो तेव्हा तू दोन्ही वेळेला तो घट्ट धरायचीस. बोटं पांढरी पडायची." ते थांबले. "मला वाटायचं, दुखतं म्हणून."

"दुखायचंच हो," सासूबाई चटकन म्हणाल्या. "तुमचा हात जड."

मी सुईच्या जागी कापूस दाबून धरला होता, तो लाल झालेला मला दिसत होता, आणि मास्तरांनाही दिसत होता. आज सुई जास्तच लागली होती, तरी दांडा मोकळाच होता. मी ताटं वाढून हाक मारली, दोनदा मारली, तरी ते दारातून आत आले नाहीत.